चष्मा घरी राहिला

“आज धडपडलात तरी चालेल,” बायको म्हणाली. “उंबऱ्याला ठेच लागली तर लागू द्या. लोकांना कळू दे एकदाचं.”

“मग काय मुद्दाम पडू?”

“मुद्दाम पडू नका. मुद्दाम सावरू नका, एवढंच म्हणतेय मी. आणि ते आपलं गाणं डोक्यातून काढून टाका आजचा दिवस.”

दुर्बीण शर्टाची बटणं लावत होता. खालून वर, एकही न चुकता. बटणं लावताना त्याला डोळ्यांची गरज कधीच पडली नव्हती, आणि इतर कशासाठी पडते हे त्याने आपल्या तोंडाने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी कारखान्यात तो सगळ्यांचा दुर्बीण. स्टोअरच्या खिडकीशी येऊन कुणी बेअरिंग मागो, पट्टा मागो नाहीतर बोटाच्या पेराएवढा स्क्रू, हा आत जायचा, रॅकवर हात टाकायचा आणि नेमका तोच घेऊन यायचा. “लेका, डोळे आहेत का दुर्बीण?” असं एका फिटरने विचारलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खरी गोष्ट अशी होती, की त्या वेळी दुर्बिणीच्या काचा गेलेल्या होत्या. त्याच्या डोळ्यांमागचा पडदा मधूनच झिजत चालला होता. कडा शाबूत होत्या. माणसाकडे बघावं तर माणूस गायब आणि त्याच्या शेजारचा खांब स्वच्छ, असला तो प्रकार. डॉक्टर म्हणाले होते, याला औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्याचाही उपयोग नाही.

कडांच्या जोरावर तो रस्त्याने नीट चालायचा, कुणावर आदळायचा नाही. चेहरे दिसत नसत, म्हणून समोरच्याला आधी स्वतःच “काय म्हणता?” करायचा आणि आवाजावरून माणूस ओळखायचा. अक्षर वाचायची पाळी आली, की खिसे चाचपायचे आणि म्हणायचं, “च्यायला, चष्मा घरी राहिला.” बँकेत, दवाखान्यात, लग्नाची आमंत्रणं वाचताना, सगळीकडे त्याचा चष्मा घरी राहायचा. घरी चष्मा नव्हताच. त्याच्या डोळ्यांना लागू पडेल असा चष्मा अजून कुणी बनवलेलाच नव्हता.

राहता राहिली कारखान्याची वार्षिक तपासणी. तिथला अक्षरांचा तक्ता कित्येक वर्षं तोच होता, भिंतीवर पिवळा पडलेला. शेवटच्या ओळी धूसर व्हायला लागल्या त्याच वर्षी दुर्बिणीने तो कागदावर उतरवून आणला आणि बायकोच्या हातात दिला. ती भाजी चिरता चिरता त्याची उजळणी घ्यायची. सगळ्यात खालची ओळ तोंडात बसेना, तेव्हा तिने तिचं वाक्य करून दिलं: पुन्हा नको रडू, लगेच मला हसव. प, न, र, ल, म, ह. हेच ते गाणं. तपासणीच्या दिवशी दुर्बीण ताठ उभा राहायचा, मनातल्या मनात बायकोचं वाक्य म्हणायचा आणि अक्षरं खणखणीत आवाजात सांगायचा. घरी आला की ती दारातच विचारायची, “हसवलंत का?” आणि दोघं खरंच हसायची. फसवणूक होती, नाही म्हणत नाही. पण तेवढ्या एका फसवणुकीवर घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, तिचं लग्न झालं.

मग नवा मॅनेजर आला. त्याने सुट्टीत माणसं लावून सगळं स्टोअर हलवलं. रॅक फिरवले, खण बदलले, सगळ्यांवर छापील पट्ट्या चिकटवल्या. काम उत्तम केलं त्याने, कुणालाही डोळे मिटून सापडावं असं. फक्त डोळे मिटून काम करणाऱ्या माणसाचाच त्यात घात झाला. सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी दुर्बिणीने एका यंत्राला भलताच पट्टा दिला. पट्टा तुटून उडाला आणि फिटरच्या कानाजवळून गेला. फिटर वाचला. चौकशीत मॅनेजरने विचारलं, “पट्टी दिसली नाही का तुम्हाला?” तेव्हाच बोलायला हवं होतं. दुर्बिणीच्या तोंडून निघालं, “चष्मा घरी राहिला होता, साहेब.” डोळे दरवर्षी तपासलेले, दरवर्षी उत्तम. म्हणजे हा निष्काळजीपणाच. त्याला काढून टाकलं.

घर कारखान्याचं होतं. या महिन्याच्या शेवटी ते खाली करायचं होतं. मुलगी सासरी, एकत्र कुटुंबात, तिथे राहायला जायचं तोंड नव्हतं. उरला बायकोचा भाऊ. त्याने मोठ्या मनाने मागची खोली देऊ केली होती, जिच्यात तो जुन्या सायकली ठेवायचा.

“भाऊ माझा देवमाणूस आहे,” बायको म्हणायची, “पण राज्य वहिनीचं आहे. तिच्या हाताखाली मी दोन दिवस काढीन, तिसऱ्या दिवशी विहीर शोधीन.” ती हे हसत म्हणायची. अलीकडे हसणं थांबलं होतं, म्हणणं चालू होतं.

काम शोधायला काही ती दोघं कमी हिंडली नव्हती. एका कचेरीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने फोन नंबर दिला, नंबरावर बाई म्हणाली की सध्या सर्व कर्मचारी व्यस्त आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, तेव्हा कळलं की ती बाई नाही, यंत्र आहे. मग अपंगांसाठीचा रोजगार मेळावा. तिथे मांडव होते, टेबलं होती, प्रत्येक टेबलावर हसतमुख माणूस होता. “थोडंसं लंगडणारं कुणी आहे का?” एकाने बायकोला हळूच विचारलं. सगळ्यांना अपंग माणूस हवा होता, पण कागदावर असावा, कामात दिसू नये. दुर्बिणीला तिथून एक टोपी मिळाली. मेणबत्त्या करायला शिकवतो म्हणून एक संस्था पुढे आली, तिथे शिकून बाहेर पडलेली माणसं आता दुसऱ्यांना मेणबत्त्या करायला शिकवत होती. मेणबत्त्या कोण घेतं, ते कुणी सांगेना.

शेवटी दवाखान्यातल्या भिंतीवर बायकोला, अधू माणसांना काम मिळवून देणाऱ्या या केंद्राचं पत्रक दिसलं. केंद्रातल्या मॅडम कामाच्या होत्या. बायकोने त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांनी दोन भेटींतच एक जागा काढली: औषधांचं गोदाम, खोकी हाताळायचं काम, रोज एका जागी, एका छपराखाली. दुर्बिणीच्या हाताला हेच तर येत होतं. अट एवढीच की केंद्राच्या तपासणीत डोळे अधू ठरले पाहिजेत, कारण जागा त्याच लोकांसाठी राखलेली होती. मॅडमनी शब्द टाकला होता. गोदामवाले साहेब आजच तिथे येऊन माणूस बघणार होते. ही जागा गेली तर पुढची कधी, ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून सकाळपासून बायको त्याला आंधळं व्हायला शिकवत होती.

“काठी घेतली आहे मी पिशवीत,” बसमध्ये ती म्हणाली. केंद्राने दिलेली पांढरी घडीची काठी होती ती. दुर्बिणीने तिला अजून हात लावला नव्हता.

“राहू दे पिशवीत.”

“अहो, काठी हातात असली की कुणी दोनदा विचारत नाही.”

“म्हणूनच राहू दे.”

तिने खिडकीबाहेर तोंड वळवलं. तो तिच्याकडे बघत असला की तिचा चेहरा त्याला दिसत नसे, तिच्यापलीकडची खिडकीची चौकट तेवढी दिसे. पण ती रागावली की श्वास नाकाने घेते, हे त्याला ठाऊक होतं.

केंद्र म्हणजे एक लांब व्हरांडा आणि त्याला लागून तीन खोल्या. व्हरांड्यातल्या बाकावर आधीच माणसं बसली होती. चाकाच्या खुर्चीतला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. “मला बँकेत लावलं होतं. बँक झकास, पगार झकास, पायऱ्या किती विचारा! रोज दोघं जण उचलून न्यायचे. तिसऱ्या आठवड्यात त्या दोघांनीच तक्रार केली.” बाक हसला. दुर्बीणही हसला.

आत बोलावलं तेव्हा बायकोही त्याच्याबरोबर गेली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. डोळे तपासणारा डॉक्टर तरुण आणि शांत होता. त्याने आधी डोळ्यांत उजेड टाकला, बराच वेळ बघितलं, आणि “हं” म्हणाला. तो “हं” ऐकून दुर्बिणीला बरं वाटलं. डोळे फुटके आहेत हे ऐकून माणसाला बरं वाटावं, अशी वेळ आली होती खरी.

मग भिंतीवर टक करून दिवा लागला.

“काका, समोर बघा. काय दिसतं?”

दुर्बिणीने बायकोचं ऐकायचं ठरवलं होतं. त्याने घसा साफ केला. “भिंतीची कड दिसते. वरचा पंखा दिसतो. मधे काही नाही.”

“मधे काहीच नाही?”

“मधे पुसल्यासारखं आहे.”

हे वाक्य त्याने परक्या माणसापुढे जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. वाटलं होतं जमीन फाटेल. काही झालं नाही. डॉक्टरचं पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, आणि मागे बायकोने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. झालं की, त्याला वाटलं. एवढंच तर होतं.

तेवढ्यात दार उघडलं. मॅडमचा आवाज आला, “या ना साहेब, इथेच आहेत ते. तुम्हाला घाई आहे म्हणून इथेच आणलं.” आणि पाठोपाठ जड बुटांचा आवाज.

“हेच का?” नवा आवाज म्हणाला. “स्टोअरचा अनुभव आहे म्हणालात.”

“आयुष्यभराचा,” मॅडम म्हणाल्या.

“काम जमेल ना यांना?”

प्रश्न मॅडमना होता. पण तो आवाज साहेबाचा होता. दुर्बिणीच्या पाठीच्या कण्याला तो आवाज ओळखीचा होता. असा आवाज मागे आला की ताठ व्हायचं, हात शिवणीला, मान वर, कुठेही चाचरायचं नाही. त्याचं शरीर त्याला न विचारता ताठ झालं. महिनाअखेर त्याला आठवली, जुन्या सायकली आठवल्या, आणि हा माणूस आत्ता नाही म्हणाला तर सगळं संपलं, एवढा एकच विचार डोक्यात घण मारायला लागला.

भिंतीवर पुन्हा टक झालं.

“आता हा दुसरा तक्ता,” डॉक्टर म्हणाला. “काका, यातलं काही दिसतं का? नाही दिसलं तरी हरकत नाही.”

“दिसतं,” दुर्बीण म्हणाला.

“अहो,” मागून बायको म्हणाली.

“अगदी खालची ओळ सांगू?” त्याचा आवाज खणखणीत लागला होता, वार्षिक तपासणीला लागायचा तसा. “प. न. र. ल. म. ह.”

सांगून झालं. नेहमी या ठिकाणी कारखान्याचा डॉक्टर “उत्तम” म्हणायचा. इथे पंख्याचा आवाज येत होता. व्हरांड्यातला चाकाच्या खुर्चीवाला कुणाला तरी बँकेच्या पायऱ्या सांगत होता, तोही मधेच थांबल्यासारखा वाटला.

“काका,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, “या तक्त्यावर अक्षरं नाहीत. कड्या आहेत, एका बाजूने तुटलेल्या. तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं असतं.”

दुर्बिणीचे कान तापले. उभ्या आयुष्यात तो इतका उघडा कधी पडला नव्हता. भिंतीकडे बघत तो तसाच ताठ उभा राहिला, कारण आता वाकायचं कसं, तेही त्याला सुचेना.

“मी शिकवलंय त्यांना,” बायको स्टुलावरून उठली. “माझी चूक आहे. नोकरी जाईल म्हणून मी पाठ करून घेतलं होतं. इतकी वर्षं तेच म्हणत आलेत हो. ते खोटारडे नाहीत. डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा यांना.”

“डोळ्यांबद्दल शंका नाही,” डॉक्टर म्हणाला. “उजेड टाकला तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडून ते पास आहेत. म्हणजे, तुम्हाला हवे तसे.”

“साहेब, घाबरले ते,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही अचानक आलात ना. इतकी वर्षं लपवून काम केलेला माणूस आहे. तुम्ही एकदा त्यांचे हात बघा…”

“हातांचं मला कळलं, मॅडम.” गोदामवाले साहेब दोन पावलं पुढे आले. आवाज चढलेला नव्हता, आणि हीच पंचाईत होती. ओरडणाऱ्या साहेबाला काय सांगायचं ते दुर्बिणीला माहीत होतं. “काका, माझ्याकडे दोघी जणी आहेत. दोघींना अजिबात दिसत नाही. खोकं उचलतात, यंत्राखाली धरतात, यंत्र बोलून सांगतं कुठलं औषध ते. दिसण्याची गरजच नाही. पण कधीतरी लेबल फाटलेलं असतं, यंत्र बोलत नाही. तेव्हा त्या मला हाक मारतात. दिवसातून दहादा मारतात. मला वैताग येतो, पण मी जातो. औषधं आहेत ती. मला दिसणारा माणूस नकोय. हाक मारणारा हवाय.”

दुर्बीण वळला. साहेबांच्या जागी त्याला नेहमीचं पुसलेलं काहीतरी दिसलं आणि त्याच्या बाजूला कपाटाची कड.

“मारीन ना, साहेब,” तो म्हणाला. आपला आवाज असा का येतोय, हे त्याला कळेना. “पहिल्या दिवसापासून मारीन. शंका आली की मारीन. शंका नसली तरी मारीन. एकदा घेऊन बघा. पगार नका देऊ पहिला महिना. साहेब, आम्हाला घर सोडायचंय हो. हिला त्या खोलीत…” त्याने हात जोडले, आणि जोडलेले हात नेमके साहेबांच्या दिशेला आहेत की कपाटाच्या, याचीही त्याला खात्री नव्हती.

साहेबांनाही ते सोपं गेलं नसावं.

“आत्ता मारायला हवी होती, काका,” ते म्हणाले. बुटांचा आवाज दाराकडे गेला. व्हरांड्यात ते मॅडमना काहीतरी सांगत होते, मॅडम अजूनही समजावत होत्या. मग फक्त मॅडमचाच आवाज उरला, फोनवर, दुसऱ्या कुणाशी तरी.

निघताना मॅडम म्हणाल्या, “आता तुमची आमच्याकडे रीतसर नोंद झाली, काका. दुसरं काही आलं की कळवते. वेळ लागेल.” त्यांनी किती ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बसथांब्यावर ऊन होतं. केंद्रापासून इथपर्यंत बायकोने नेहमीसारखा कोपर पुढे केला होता, त्याने नेहमीसारखा तो नुसता सोबत चालल्यासारखा धरला होता. आता ती एका बाजूला उभी होती. तिचा श्वास नाकाने नव्हता. तो तुटत तुटत येत होता, पदराच्या आतून.

“अगं,” तो म्हणाला.

“काही नाही.”

“माझ्यामुळे…”

“तुमच्यामुळे नाही. ती ओळ मीच करून दिली होती ना तुम्हाला. घासून घासून पाठ करून घेतली.” मग ती म्हणाली, “वहिनीला उद्या फोन करते.”

दुर्बिणीला वाटलं, हिने आपल्याला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने हात पुढे केला. “काठी दे.”

तिने पिशवीतून काठी काढून त्याच्या हातात ठेवली. एक टोक सोडल्यावर तिचे सांधे आपोआप एकात एक बसत गेले, खट, खट, खट. हातात घेऊन कसं उभं राहायचं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. त्याने ती छत्रीसारखी पायाशी टेकली.

लांबून बस आल्याचा आवाज आला. एरवी तो बस येऊ द्यायचा, माणसं आपसात काय बोलतात ते ऐकायचा, बायकोच्या कोपराची हालचाल बघायचा, आणि आपण पाटी वाचली असं दाखवत पाऊल उचलायचा. आज बायकोचं तोंड पदरात होतं. त्याच्या उजव्या बाजूला कुणीतरी उभं होतं. त्याला एका बाहीची कड आणि हातातली पिशवी दिसत होती.

“भाऊ, ही बस कुठली?”

“पाटी आहे की समोर एवढी मोठी,” बाही म्हणाली.

दुर्बिणीचा हात सवयीने खिशाकडे गेला. चष्मा, हे ओठांवर आलंसुद्धा होतं. त्याने हात काठीवर परत आणला.

“मला दिसत नाही,” तो म्हणाला.

शेजारी बायकोने पदर खाली घेतला. बाहीवाला माणूस ओशाळला, त्याने घाईघाईने पाटी वाचून दाखवली. ती त्यांची बस नव्हती. दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली.

“तुम्हाला कुठली पाहिजे?” त्या माणसाने विचारलं. “मी आहे इथे.”

दुर्बिणीने सांगितलं.

“आली की हाक मारा,” तो म्हणाला, आणि काठी धरून उन्हात उभा राहिला.